सारख्या पोटपाठीचा पंख

आमच्या कामोठ्याच्या घरात डायनिंग टेबलावर जेवणं कमी आणि विमानं जास्त झाली. रिमोटवर उडणारी विमानं. त्यांना खेळण्यातली म्हणायची मात्र सोय नाही, आमचे हे रुसून बसतात आणि मग भाजीत मीठ आहे की नाही तेसुद्धा सांगत नाहीत. कंपनीत मेंटेनन्सला होते तेव्हापासूनचा हा नाद, आणि रिटायर झाल्यावर तर रान मोकळंच मिळालं. मी घरी पाळणाघर चालवायचे. हॉलमध्ये माझी पोरं, आतल्या खोलीत यांची विमानं, मधे मी, दोन्हीकडे ओरडत. "तोंडात घालू नकोस ते!" हे मी पोरांना म्हणायचे आणि "अहो, तोंडात नका धरू!" हे यांना, कारण टाचण्या ओठांत धरून काम करायची यांना भारी खोड.

यांची विमानं सरळ उडून सरळ खाली येणाऱ्यातली नव्हती. कोलांट्या, म्हणजे लूप, गिरक्या, म्हणजे रोल, पाठीवर उलटं होऊन जाणं, सगळा तमाशा. त्यात उडवणाऱ्याला आकाशावरून नजर काढता येत नाही. म्हणून मागे एकजण उभा राहतो आणि आता कुठली कसरत करायची ते मोठ्याने सांगतो. ते काम माझ्याकडे होतं. "लूप! अर्धा रोल! उलटं! सुलट!" मला आधी यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ओरडायचा सराव दांडगा होता. मैदानावरची मंडळी म्हणायची, वहिनींच्या आवाजाला घाबरून विमान स्वतःच वळतं. रिमोटला मात्र मी कधी हात लावला नाही. तो यांचा.

मग हाताचं सुरू झालं. पहिल्यांदा चहाचा कप बशीवर वाजायला लागला. मी म्हटलं, वय झालं. मग शर्टाची बटणं लागेनात, मग सही बारीक बारीक होत गेली, इतकी की बँकेतल्या पोरीने "काका, नेहमीची करा ना" म्हणून परत पाठवलं. वाशीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव आमच्या घरात कोणी घेत नाही, आम्ही 'हात' एवढंच म्हणतो. आज हात बरा आहे, आज हात काही खरा नाही. लोकांना वाटतं थरथर हाच त्रास. थरथरीचं काय एवढं! खरा त्रास असा, की हात उशिरा ऐकतो. पेला उचलायचा म्हटलं की हात जरा वेळ तसाच बसून राहतो, मग निघतो. कधी कधी निघून मधेच अडकतो, आणि मग तुम्ही काहीही करा, हलत नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी आराम पडेल, पण हे हळूहळू वाढत जाणार. मी विचारलं, "आणि विमान?" तर म्हणाले, "विमानप्रवासाला काही हरकत नाही, बिनधास्त जा." हे त्या दिवशी रस्ताभर हसत होते. मी मात्र गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होते.

घरी येऊन चपला काढल्या आणि यांनी जाहीर केलं, "नवीन विमान करतोय." मी आत जाऊन कुकर लावला. बोलून काय उपयोग?

आता पंखाचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. केक कापतो तसा विमानाचा पंख आडवा कापला, तर कापलेल्या जागी जो आकार दिसेल त्याला एअरफॉइल म्हणतात. विमानाचा सगळा स्वभाव या आकारात असतो. यांनी सनमायकाच्या तुकड्यांवर तीन आकार आखून कापले आणि टेबलावर मांडून ठेवले. एक खालून सपाट, वरून फुगलेला. हा शिकाऊ माणसाचा पंख. याच्या विमानाला वर उचलायची स्वतःचीच हौस असते. तुम्ही गोंधळलात, हात सोडून दिलात, तर ते सावरायला बघतं, तुमच्यासाठी थांबतं म्हणा ना. पण उलटं करायला जाल तर त्याला ते मानवत नाही, नाक टाकतं आणि खाली यायला लागतं. दुसरा आकार मधला, थोडं हे, थोडं ते. तिसऱ्याचं पोट आणि पाठ अगदी सारखी. त्याला उलटं काय आणि सुलटं काय, दोन्ही एकच. जिकडे तोंड करून द्याल तिकडे जाणार. कसरतींना हाच लागतो. पण हा कोणासाठी थांबत नाही, स्वतःच्या अकलेने काही सावरत नाही. हात जे सांगेल ते करणार, आणि हाताने सांगितलं नाही तर आधीचंच करत राहणार.

एरवी यांनी हा आकार डोळे मिटून घेतला असता. सारख्या पोटपाठीशिवाय दुसऱ्या पंखाला यांनी वर्षानुवर्षं हात लावला नव्हता. या वेळी मात्र ते तीन तुकडे टेबलावर तसेच. सकाळी पोहे खाताना बघायचे, दुपारी पुसून ठेवायचे, पुन्हा मांडायचे. विचारलं की म्हणायचे, "जाडी ठरवतोय." कसली जाडी! मला का कळत नव्हतं? हा माणूस टेबलावर बसून स्वतःच्या हाताचा हिशेब करत होता आणि उत्तर आवडत नव्हतं म्हणून पुन्हा पहिल्यापासून करत होता. मला त्यांचा रागही यायचा आणि कळवळाही. दोन्ही एकदम आलं की मी भांडी घासायला घेते.

यांचा एक मित्र आहे, कराव्याचा. मूळचा तिथलाच, खाडीवरच्या घरातला. घराच्या जागी आता त्याची बिल्डिंग उभी आहे, भाडेकरू आहेत, तरी होडी काही विकलेली नाही. सुटीच्या दिवशी एक तर खाडीत, नाही तर आमच्या मैदानावर. त्याच्याकडे सपाट पंखाचं विमान. त्यावरून हे त्याला कायम चिडवायचे, "तुझं विमान म्हणजे म्हातारी गाय रे, दावं सोडलं तरी घरी येते." तोही हसायचा. तो आला, टेबलावरचे तुकडे बघितले, यांच्या हाताकडे बघितलं, आणि सरळ मनाचा माणूस, सरळच बोलला.

"दादा, सपाटच घे ना या टायमाला. माझ्यावानी. हात सोडला तरी आपोआप सरल व्हतं. टेन्शनच नाय."

"आपोआपच व्हायचं असेल तर मी कशाला पाहिजे?" हे म्हणाले.

त्याने एक तुकडा उचलून पुन्हा खाली ठेवला. मग रिमोटमधल्या सेटिंगचं बोलायला लागला. ज्या काडीने विमान वळवतात ती जरा हलली तर विमानाने लक्ष द्यायचं नाही, असं करता येतं म्हणे. हे म्हणाले, ते मी आधीच केलंय. थरथरीवर तो इलाज होताच. उशिरा निघणाऱ्या हातावर कुठल्या रिमोटमध्ये सेटिंग असणार? मी चहा ठेवला. जाताना दारात तो मला हळूच म्हणाला, "वयनी, तुमी सांगा ना त्याला. तुमचा ऐकंल." मी म्हटलं, "हो हो, माझं तर अगदी ऐकतातच." माझं ऐकणारा नवरा कुठे मिळतो ते मलाही सांगा म्हटलं, मी बघून येते.

आणि मग एका दुपारी यांनी मला खरंच विचारलं. मी टेबलाच्या टोकाला बसून डाळिंब्या सोलत होते. भिजवलेल्या वालांचा ढीग एका बाजूला, सालं दुसऱ्या बाजूला. यांनी ते तीन तुकडे माझ्यासमोर सरकवले.

"तू सांग. कुठला घेऊ?"

संसारात या माणसाने मला कधी शर्टाचा रंग विचारला नाही. पडद्यांचा नाही, गाडीचा नाही. आणि विचारलं तर हे! मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं?" तर म्हणाले, "तुला सगळं कळतं. उगाच नाटक करू नकोस. सांग."

मला सगळं कळत होतं, तोच तर घोटाळा होता. सपाट सांगितला तर त्याचा अर्थ एकच, की तुमचं संपलं, आता म्हाताऱ्या गायीच्या मागे फिरा. हे मी माझ्या तोंडाने सांगायचं? सारख्या पोटपाठीचा सांगितला तर विमान यांच्या हाताच्या भरवशावर वर जाणार, आणि तो हात कसा आहे ते रोज बटणं लावून देणाऱ्या बाईला कोणी समजवायला नको. मधला सांगायचा तर तो यांनी कधीच घेतला नसता, दोन्हीकडून नावं ठेवली असती. मला इतका संताप आला सांगू! तुमचा छंद, तुमचा हात, तुमचं विमान, आणि निवडायचं मी? डॉक्टरांनी हात झटकले, मित्राने मला पुढे केलं, आता तुम्हीही? वालाचा एक दाणा माझ्या बोटातून सटकून टेबलाखाली गेला. मी तो शोधायला वाकले आणि खालीच जरा वेळ बसून राहिले. तिथून यांचा हात दिसत होता, मांडीवर ठेवलेला, आपल्याच नादात हलणारा. यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता, माझ्या पाळणाघरातल्या एखाद्या हट्टी पोराला धरावं तसा.

वर आले आणि तिसरा तुकडा यांच्याकडे सरकवला.

"नक्की?" यांनी विचारलं.

"नक्की."

यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला रडावंसं वाटलं. एवढा आनंद! मग स्वतःच म्हणाले, "जाडी वाढवतो थोडी. नाक बोथट ठेवतो. म्हणजे सावकाश उडेल, एकदम दगा देणार नाही." मी म्हटलं, "ठेवा, खूप जाड ठेवा." एवढंच काय ते मला मागता आलं.

पंख थर्माकोलमधून कापायचा असतो. थर्माकोलच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना सनमायकाचे आकार चिकटवायचे, आणि धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेली तापती तार त्या आकारांवरून ओढत न्यायची. एक माणूस एका टोकाला, दुसरा दुसऱ्या. पंख विमानाच्या धडाकडे रुंद आणि टोकाकडे निमुळता, म्हणून एका बाजूचा आकार मोठा आणि दुसरा लहान. पण तार दोघांनी एकाच वेळी सुरू करून एकाच वेळी संपवायची. त्यासाठी दोन्ही आकारांवर सारखे आकडे लिहिलेले असतात. दोघांनी मोठ्याने आकडे म्हणत जायचं. हे 'चार' म्हणाले की माझी तार माझ्या चारवर असली पाहिजे. आमच्या घरातले सगळे पंख आम्ही दोघांनी असेच कापले. भांडण झालेलं असलं तरी. अबोला असताना आम्ही फक्त आकडे बोललोय एकमेकांशी.

या वेळी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, तार तापली. एक, दोन, तीन. मी चारवर गेले आणि यांची तार तीनवरच. हात अडकला. तापत्या तारेला थांबणं माहीत नसतं, जिथे उभी तिथे ती खात जाते. थर्माकोलमध्ये हा एवढा खड्डा पडला. "पुन्हा," हे म्हणाले. नवा ठोकळा लावला. तोही तसाच गेला, या वेळी सहावर. जळका वास सगळ्या मजल्यावर पसरला. शेजारीण बेल वाजवून विचारायला आली, "वहिनी, काही करपलंय का हो?" मी म्हटलं, "हो, दूध." तिने माझ्या खांद्यावरून आत बघितलं, यांनी धनुष्य पाठीमागे लपवलेलं, आणि काही न विचारता गेली. बिचारी चांगली आहे.

मग कराव्याच्या मित्राला बोलावलं. यांच्या टोकाला तो उभा राहिला, माझ्या टोकाला मी. हे खुर्चीवर बसून आकडे म्हणणार असं ठरलं. एक ऐकू आला. दोन आला. तीन झाला की नाही कळेना. मी वर बघितलं, यांचे ओठ हलत होते.

"दादा, जोरात बोल ना," मित्र म्हणाला.

"ओरडतोय की!" हे म्हणाले. खरंच रागावून म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की आपण ओरडतोय, आणि मला ते खुर्चीच्या अलीकडेच विरलेलं ऐकू येत होतं. आवाज खाली गेलाय हे घरात माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मीच मोठ्याने बोलते, यांचं कोण ऐकतं? तोवर तार जागच्या जागी खात गेली आणि तोही ठोकळा वाया गेला. नवा लावला आणि या वेळी मी यांच्या ओठांकडे बघून प्रत्येक आकडा मागोमाग मोठ्याने म्हणत गेले. एक! दोन! तीन! पंख सुंदर कापला गेला. हे उठून त्यावरून बोट फिरवत राहिले. मित्र घाम पुसत म्हणाला, "वयनी, तुमी आसल्यावर दादाला माइकची काय गरज?" हे हसले. मीही हसले. हसायचं नाही तर काय करायचं होतं?

विमान तयार झालं. पिवळं, खालून काळ्या पट्ट्यांचं, म्हणजे वर असताना पोट कुठलं आणि पाठ कुठली ते कळावं. इकडे जवळपास उडवायची सोय राहिली नाही, विमानतळ आला. उरणच्या बाजूला त्या मित्राच्या मेहुण्याची खारजमीन आहे. भात कापून झालं की ती कडक होते, रोलर फिरवून त्यांनी पट्टी केली होती. एका बाजूला खारबांध, बांधापलीकडे खारफुटी, मग खाडी. गाडी मी चालवली. आता मीच चालवते.

पहिलं उड्डाण अगदी साधं. वर नेलं, थोडं इकडे-तिकडे, मग एकदा उलटं करून बघितलं. हे बघायची यांची जुनी पद्धत होती. विमान उलटं करायचं आणि काडीवरचा अंगठा क्षणभर उचलायचा. वजन आणि पंख नीट जमले असतील तर ते पाठीवर पडल्या पडल्या सरळ जात राहतं. गेलं! रेषेवर आखल्यासारखं गेलं. यांनी पुन्हा सुलट केलं, उतरवलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? कुठेही ओढत नाही. काय पंख निवडलायस गं!" हात त्या सकाळी इतका शहाण्यासारखा वागत होता. मी तर हवेतच होते. मला वाटलं, जमलं. मी बरोबर निवडलं. डॉक्टरांना काय कळतंय, असंसुद्धा वाटलं. मूर्ख बाई.

दुसऱ्यांदा हे सगळ्या कसरती करणार होते. मित्र पट्टीच्या पार टोकाला गेला, मोबाईलवर शूटिंग करायला आणि चरणाऱ्या म्हशी लांब ठेवायला. मी यांच्या मागे उभी राहिले. "लूप!" मस्त गोल. "रोल!" झाला. जरा उशिरा, पण झाला. "वर! ... अर्धा रोल! ... बाहेर!" माझा आवाज लागला होता. "उलटं!" विमान पाठीवर झालं आणि डोळ्यांच्या उंचीवरून आमच्या समोरून गेलं, पिवळं, सावकाश, सरळ. इतकं देखणं जात होतं.

"सुलट!" मी म्हटलं.

ते तसंच जात राहिलं.

"सुलट!"

मला वाटलं, माझं ऐकलं नाही. मग मी यांच्या खांद्यावरून खाली बघितलं. अंगठा काडीवर होता. थरथरत नव्हता. अगदी शांत होता, इतक्या दिवसांत मी तो इतका शांत बघितला नव्हता. अडकला होता.

सपाट पंख असता तर विमानाने नाक टाकलं असतं आणि त्याच शेतात आपटलं असतं. आम्ही तुकडे गोळा केले असते, चिकटपट्टी, गोंद, भांडण, सगळं नेहमीचं झालं असतं. पण हा पंख मी निवडलेला. त्याला उलटं-सुलटं सारखंच. हाताने शेवटचं जे सांगितलं होतं ते तो इमानाने करत होता. बांध ओलांडून खारफुटीवर गेला, सरळ, उलटा. लांबून मित्र ओरडत धावत येत होता, "फिरव! दादा, फिरव!" मी यांच्या हातावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा त्या काडीला माझं बोट लागलं.

"कुठल्या बाजूला? अहो, कुठल्या बाजूला ढकलू?"

यांचे ओठ हलले. मला काहीही ऐकू आलं नाही. वर्षानुवर्षं मी मागे उभं राहून 'सुलट, सुलट' ओरडत आले, आणि ते करतात कसं हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या अंगठ्यासकट काडी बाजूला लोटली, मग सोडली. लांब तो पिवळा ठिपका जरासा हलल्यासारखा वाटला. सुलट झालं? की अजून उलटंच? काळे पट्टे दिसण्याच्या पलीकडे गेलं होतं आणि त्या पंखावरून काही कळण्यासारखं नव्हतं. आता ओढलं तर वर जाईल की खाली, देव जाणे. मी ओढलं नाही. काहीच केलं नाही. आम्ही दोघं रिमोट धरून नुसते बघत उभे राहिलो. ठिपका बारीक झाला, मग मला दिसायचा बंद झाला. "दिसतंय का?" मी विचारलं. यांनी मान हलवली, हो म्हणून. मित्र धापा टाकत पोचला तेव्हाही हे तिकडेच बघत होते आणि आकाशात काहीही नव्हतं.

"ओहोटी लागली का होडी घालतो नि बगतो," मित्र म्हणाला. पुढच्या दिवसांत तो गेलाही, दोनदा गेला, गुडघाभर चिखलात शिरला. विमान सापडलं नाही.

त्या दिवशी निघताना मी रिमोट बंद करायला गेले. हे म्हणाले, "नको." या लोकांचा एक नियम आहे. उडवताना आधी रिमोट चालू करायचा, मग विमान. बंद करताना आधी विमान, मग रिमोट. विमान चालू आणि रिमोट बंद असं कधी होऊ द्यायचं नाही. मी म्हटलं, "अहो, पण आता कुठलं..." तर म्हणाले, "विमान बंद कुठे केलंय आपण?" रेंज गेली की त्याची मोटर आपोआप थांबते, बॅटरी तर काही मिनिटांचीच असते, हे मला यांनीच शिकवलेलं. मी गाडी सुरू केली. हे शेजारी बसले, मांडीवर रिमोट, दोन्ही अंगठे काड्यांवर.

गव्हाण फाट्याच्या अलीकडे रिमोटची बॅटरी संपत आली आणि तो वाजायला लागला. टीं टीं, टीं टीं, थांबेचना. एरवी मी अशा आवाजाला दोन मिनिटं सहन करत नाही. मी गाडी चालवत राहिले. यांना म्हणावं की उगी राहा, माझ्या पोरांना म्हणायचे तसं, तर हे रडत कुठे होते? सॉरी म्हणावं, तर कशाबद्दल म्हणू? तुम्हाला हवा तोच पंख दिला म्हणून? पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये बाजूच्या रिक्षावाल्याने वाकून आत बघितलं.

आमच्या सोसायटीच्या गेटशी आलो तेव्हा आवाज आपोआप बंद झाला. यांनी काळ्या पडलेल्या स्क्रीनकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाले. मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"घे आता हे," म्हणत होते.

मी रिमोट ओढला, तो सुटेना. यांची बोटं त्याला धरून बसली होती. हे आपल्याच बोटांकडे असे बघत होते, की ही कोणाची. मी गाडी गेटातच थांबवली, एकेक बोट धरून हळूहळू सरळ केलं, आणि मागे वॉचमन, गाडी पुढे घ्या म्हणून, शिट्टी वाजवत राहिला.